ठाणे अंमलदाराच्या टेबलावरून

प्रिय पोरी,

ट्रेनिंग संपवून पोलीस ठाण्यात हजर झालीस आणि पहिल्याच आठवड्यात ठाणे अंमलदाराच्या, म्हणजे आलेल्यांच्या तक्रारी लिहून घेणाऱ्याच्या, मदतीला बसवलं म्हणून हिरमुसलीस. नाकाबंदी, गस्त, बंदोबस्त हीच खरी नोकरी, असं तुला वाटतंय. बंदोबस्त काय, गणपतीत पोटभर मिळेल. विसर्जनाला एकाच कोपऱ्यावर उभ्याउभ्या उजाडतं. जास्तीचे मोजे जवळ ठेव, बाकीचं ती ड्युटीच शिकवते.

टेबल तसं शिकवत नाही. रात्री दोनला एक म्हातारा येतो आणि दहा वर्षांपूर्वीच्या बांधाच्या भांडणापासून सुरू करतो. पोराने हात उगारला, हे सगळ्यात शेवटी निघतं. आधी पाणी दे, बसव, मग पेन उघड. 'शिवीगाळ करून जिवे मारण्याची धमकी दिली' हे आपलं ठरलेलं वाक्य त्याच्या तोंडी घालू नकोस. तो बोलला तसं लिही, वाचून दाखव, मग सही घे. गुन्हा अदखलपात्र असेल तर नुसती एन.सी.ची, म्हणजे अदखलपात्र नोंदीची, पावती हातात देऊन वाटेला लावू नकोस. न्यायालयाच्या आदेशाशिवाय आपल्याला तपास करता येत नाही, हे त्याला समजेल असं सांग. नाहीतर बिचारा महिनाभर आपली वाट बघत बसतो. गुन्हा दखलपात्र असेल तर 'आमची हद्द नाही' हे उत्तरच नाही. झिरो नंबरने नोंदवून ज्यांची हद्द त्या ठाण्याकडे पाठवायचा, आणि फिर्यादीला एफआयआरची प्रत फुकट द्यायची.

माझी एक चूक सांगतो. घरफोडीच्या जागेचा पंचनामा मी ठाण्यात परतून, चहा पीत लिहिला. चार वर्षांनी वकिलांनी विचारलं, कडी आतली तुटली होती की बाहेरची? कागदावर नुसतं 'कडी तुटलेली'. पंचाला आठवेना, मलाही नाही. आरोपी सुटला. त्या घरातली बाई कोर्टाच्या पायरीवर माझ्याकडे बघत होती, ते अजून आठवतं.

1 जुलै 2024 पासून नवा कायदा आला, झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं. पण मोबाइल धरणाऱ्याने कडी दाखवलीच नाही तर?

साप्ताहिक सुटी मिळाली तर घरी ये. मिळाली तर म्हणतोय, हे लक्षात आलंच असेल. येताना तुझ्या खोलीच्या दाराचा पंचनामा लिहून आण, चतुःसीमेसकट.

तुझे काका