हा वास अस्वच्छतेचा नाही

प्रश्न : ताई, मी ३८ वर्षांची. भांडुपला राहते, नोकरी फोर्टला. पाच महिन्यांपूर्वी वजनासाठी स्लीव्हचं, म्हणजे जठर कापून लहान करण्याचं ऑपरेशन झालं. ११८ किलोंवरून ८९ वर आले, शुगरही उतरली. पण तोंडाला आणि घामाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. तीनदा आंघोळ करते, सारखी दात घासते. लोकलमध्ये शेजारची बाई नाकाला ओढणी लावते. ऑफिसात कुणीतरी माझ्या टेबलाजवळ रूम फ्रेशनर आणून ठेवलाय. नवरा काही बोलत नाही, पण पाठ करून झोपतो. टॉयलेटची पंचाईत नको म्हणून बाहेर असताना पाणीही जेमतेमच पिते. ऑपरेशन केलं हेच चुकलं का?

उत्तर : नाही गं, चुकलं नाही. आणि आपण अस्वच्छ आहोत, हेही आधी मनातून काढून टाक.

कडक उपास करणाऱ्यांच्या तोंडाला येणारा वास आठव. तुझ्याकडे तेच चाललंय, फक्त महिनोन्‌महिने. खाणं एकदम कमी झालं की शरीर साठवलेली चरबी जाळतं आणि त्यातून कीटोन तयार होतात. ॲसिटोन त्यातलाच, आणि बऱ्याच रिमूव्हरमध्येही तोच असतो. तो रक्तातून फुप्फुसांत येतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. थोडा घामातून, लघवीतूनही. तिथे ब्रश काय करणार? वजन उतरण्याचा वेग मंदावला की बहुतेकांचा हा वासही ओसरतो.

पत्रातली पाण्याची ओळ मात्र मला फार लागली. मुंबईत नोकरी करणाऱ्या कितीतरी बायका अशाच तहानेल्या फिरतात आणि तो त्यांचा दोष नाही. पण तुला हे परवडणारं नाही. तोंड कोरडं पडलं की लाळ कमी होते, जंतू वाढतात आणि कीटोनच्या वासात आणखी एक वास मिसळतो. शिवाय मुतखड्याची भीती आहेच. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी पोटात जायला हवं. तुझं पोट आता एका वेळी ग्लासभर घेणार नाही, म्हणून बाटली टेबलावर ठेव आणि दर थोड्या वेळानं दोन घोट घे. जेवताना नको, जेवणानंतर अर्ध्या तासानं पुन्हा सुरू कर. संध्याकाळी निघायच्या तासभर आधी हात आखडता घे, उरलेलं घरी पोचल्यावर. प्रवासाची काळजी तेवढ्यानं बरीच मिटेल.

वास जावा म्हणून जेवण टाळू नकोस, आणि बिस्किटं, पावही वाढवू नकोस. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन लागतं. ते सांभाळून डाळ, फळं किती वाढवता येतील हे तुझ्या आहारतज्ज्ञांनाच विचार. त्यांना हा प्रश्न नवा नसतो, त्यामुळे लाजू नकोस. रोज जीभ साफ कर, माउथवॉश बिनअल्कोहोलचा घे. च्युइंगम नको, चुकून गिळलं तर अडकू शकतं; त्यापेक्षा नीट चावून बडीशेप बरी. वास आंबट असेल, छातीत जळजळ होत असेल, तर ती ॲसिडिटी. स्लीव्हनंतर ती बऱ्याच जणांना होते, सर्जनना सांग.

आता घामाचं. वजन उतरल्यावर सैल पडलेल्या कातडीच्या घड्या पोटाखाली, स्तनांखाली, मांड्यांत एकमेकींना चिकटतात. आपल्या दमट हवेत तिथला घाम वाळतच नाही आणि बुरशी धरते. तीनदा घासून कातडी सोलवटते, वास जात नाही. दोनदा आंघोळ पुरे, सौम्य साबणानं. नंतर घड्या टिपून पूर्ण कोरड्या कर, हवं तर मधे मऊ सुती कापड ठेव. ऑफिसात बदलायला एक ब्रा पर्समध्ये असू दे. लाली, खाज, चिरा दिसल्या तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. केमिस्टकडून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आणू नकोस. चार दिवस बरं वाटतं आणि बुरशी पसरत जाते.

नवऱ्याशी आजच बोल. 'वास येतोय हे मला माहीत आहे, चरबी जळतेय म्हणून येतोय, डॉक्टरांना विचारणार आहे' एवढं सांग आणि मग तो पाठ का करतो ते सरळ विचार. कदाचित तुला दुखावू नये म्हणूनच तो गप्प असेल. ऑफिसात ऑपरेशनचा पाढा वाचायची गरज नाही. 'उपचार चालू आहेत, त्याचा परिणाम आहे' इतकं पुरे.

एक गोष्ट मात्र अंगावर काढू नकोस. या वासाबरोबर उलट्या थांबेनात, पोट दुखू लागलं, श्वास जोरात चालू लागला किंवा ग्लानी आली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठ. शुगरसाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन अजून चालू असेल तर जास्तच जपायला हवं. या गोळ्यांवर शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन धोकादायक पातळीला जाऊ शकतात. गोळ्यांची चिठ्ठी आजच काढून नावं तपास, आणि यातलं एखादं असेल तर डॉक्टरांना फोन कर.