यशवंतराव चव्हाणांच्या पत्नी वेणूताई राजकारणात होत्या का?

पदावर कधीच नव्हत्या, पण राजकारणाची झळ त्यांना नवऱ्याइतकीच बसली.

माहेर फलटणचं, मोरे घराणं. जून १९४२ मध्ये लग्न होऊन त्या कराडला आल्या आणि दोनच महिन्यांत 'चले जाव' सुरू झालं. यशवंतराव भूमिगत. ते सापडेनात म्हणून १९४३ च्या सुरुवातीला पोलिसांनी या नव्या नवरीलाच उचललं. हळदीच्या अंगानं तुरुंग! तिथून बिघडलेली तब्येत पुढे जन्मभर कुरकुरत राहिली. मूलबाळ झालं नाही.

नवरा १९६० मध्ये महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री झाला, १९६२ मध्ये संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेला. वेणूताई मात्र सभा-भाषणांपासून लांबच राहिल्या. सासू विठाईंचं करणं, आल्यागेल्याचं पान वाढणं, हेच त्यांचं जग. याला मी तरी 'नुसतं घर सांभाळणं' म्हणणार नाही. मंत्र्याच्या घरी येणाऱ्या माणसांचा राबता ज्यानं पाहिलाय त्याला कळेल.

१९८३ मध्ये त्या गेल्या. यशवंतराव त्यानंतर फार तर दीड वर्ष जगले. कराडला आलात तर वेणूताईंच्या नावाच्या स्मारकात जरूर जा, यशवंतरावांचा ग्रंथसंग्रह तिथंच आहे.