प्रेमाचे चित्रपट आवडतात, म्हणजे संसारात काही उणे आहे का?

दादरच्या माझ्या समुपदेशन केंद्रात हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून इतक्यांदा ऐकला आहे, की त्यावर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. हलकाफुलका प्रेमपट पाहताना मन रमते, परंतु तो संपताच अपराधी वाटू लागते. आपल्या संसारात काहीतरी उणे असल्याखेरीज आपल्याला हे इतके आवडले नसते, अशी शंका मनात घर करते. विचारणाऱ्या बहुधा चाळिशी-पन्नाशीतल्या स्त्रिया असतात. पुरुषही असतात, पण ते मित्राची अडचण म्हणून विचारतात.

परळच्या सुनंदाताई (नाव आणि तपशील बदलले आहेत) यांच्या घरी सासूबाई, कॉलेजात जाणारी मुलगी आणि मितभाषी नवरा. रात्री सर्वांची निजानीज झाली, की त्या स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याला मोबाइल टेकवून आणि कानात इअरफोन घालून चित्रपट पाहत. सतीश राजवाडे यांचा २०१० सालचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ तर त्यांना जवळजवळ पाठ झाला होता.

“मॅडम, मी ह्यांना फसवतेय का?” त्यांनी पहिल्याच भेटीत विचारले.

“चित्रपट बघता म्हणून?”

“बघते म्हणून नाही हो. आवडतो म्हणून.”

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेली विवेकनिष्ठ विचारसरणी मी मानते. घटनेपेक्षा तिच्याविषयी आपण मनाशी जे ठरवून बसतो, ते आपल्याला अधिक छळते, असे ती सांगते. सुखी बाईला असले चित्रपट आवडताच कामा नयेत, हा नियम सुनंदाताईंनी स्वतःच केला होता आणि त्याची शिक्षाही त्या स्वतःच भोगत होत्या. हा नियम तुम्हाला कुणी घालून दिला, असे मी विचारले, तेव्हा त्यांना ना सासूबाईंचे नाव घेता आले, ना नवऱ्याचे. तो नियम सैल होण्यात बऱ्याच भेटी गेल्या.

मग एकदा मी सहज विचारले, “पुन्हा पुन्हा मागे नेऊन कोणता भाग बघता?” शेवटचा, असे उत्तर मला अपेक्षित होते.

“ते दोघं पुण्यात फिरताना हुज्जत घालतात ना, तो.”

मुलाला नकार द्यायला मुंबईहून पुण्याला आलेली मुलगी एका अनोळखी तरुणाबरोबर दिवस घालवते, एवढीच त्या चित्रपटाची गोष्ट. जवळजवळ सगळा वेळ ती दोघे बोलतच असतात.

“तुम्हाला नायक आवडतो, की हुज्जत?”

त्या हसल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, “आम्हीपण पूर्वी भांडायचो. कुठल्या बसने जायचं, यावरूनसुद्धा. आता हे म्हणतात, तुला हवं ते कर. मीपण म्हणते, बघा तुमचं.”

इतक्या वर्षांच्या कामात मला जे थोडेफार उमगले आहे, त्यात ही गोष्ट मी वरच्या क्रमांकावर ठेवते. प्रेम आटले असे ज्यांना वाटते, त्यांच्यातल्या पुष्कळ जोडप्यांनी केवळ हुज्जत घालणे सोडलेले असते. प्रेमपटातला गैरसमज एका वाक्याने मिटण्यासारखा असतो आणि लेखक ते वाक्य मुद्दाम शेवटापर्यंत अडवून धरतो, नाहीतर खेळ अर्ध्या तासात आटोपेल. घरात ते वाक्य आपणच अडवतो.

मी त्यांना एवढेच सुचवले, की इअरफोन काढा आणि रविवारी दुपारी बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर चित्रपट लावा. कुणाला बोलावू नका. नवरा वर्तमानपत्राआडून ऐकत राहिला आणि मध्यंतराच्या सुमारास त्याने नायकाच्या आगाऊपणावर हरकत घेतली. सुनंदाताईंनी ती खोडून काढली. पुढचा अर्धा तास चित्रपट थांबवून वाद चालला, हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता.

तेव्हा, अशा चित्रपटांची आवड म्हणजे कशाचे निदान नव्हे; ती निखळ करमणूकही असू शकते आणि तशी असेल तर तिच्यात अर्थ शोधत बसू नये. मात्र चित्रपट संपल्यावर जोडीदाराला नापास करण्याची सवय लागली असेल, तर नायकाला घराचा हप्ता, सासूबाईंचे दुखणे आणि गर्दीची लोकल यांतले काहीच सोसावे लागत नाही, हे स्वतःला बजावावे. रोज झोप मोडून चित्रपट पाहिला जात असेल, तर आपण कोणते बोलणे टाळत आहोत, ते तपासावे. आणि घरात अपमान किंवा मारहाण होत असेल, तर चित्रपटाचा विषय बाजूला ठेवून थेट त्याविषयीच बोलायला यावे.