सर्वनामाआधी क्रियापद

प्रश्न : मी जेंडरक्विअर. स्वतःला ना बाई म्हणावंसं वाटतं, ना पुरुष. घरी आणि कामावर सांगायचं ठरवलंय. इंग्रजीत 'दे' (they) म्हणून भागतं. मराठीत तोंड उघडलं की 'जातो' किंवा 'जाते' निवडावंच लागतं. सुरुवात कुठून करू?

उत्तर : निवडावंच लागतं असं नाही. 'मी जाईन', 'मी जाणार आहे', 'मला जायचंय' यांत लिंग कळत नाही. 'मी पत्र लिहिलं' यातलं क्रियापद पत्राच्या मागे जातं, लिहिणाऱ्याच्या नाही. अडतं ते 'गेलो-गेले', 'बोललो-बोलले', 'होतो-होते' इथं. त्यांचे पर्याय जिभेवर आणून ठेवा : 'विसरलो'ऐवजी 'लक्षात राहिलं नाही', 'थकले'ऐवजी 'थकवा आलाय', निरोप घेताना 'येऊ का?'. 'मी जात आहे' निर्धोक आहे, पण बोलण्याच्या ओघात त्याचं 'जातोय' किंवा 'जातेय' होतं. ते लिहिण्यापुरतं बरं. 'एकटा', 'शहाणी' ही विशेषणं बदलतात. 'खूश', 'तयार', 'नाराज' बदलत नाहीत. एवढी कसरत नको असेल तर 'जातो' आणि 'जाते' दोन्ही आलटूनपालटून वापरणारेही आहेत. त्यात चूक काहीच नाही.

इतरांनी तुमच्याबद्दल काय म्हणायचं, हे त्यांना नेमकं सांगा. 'ते आले' हे आदरार्थी रूप सोपं; 'त्यांनी', 'त्यांना', 'त्यांचं' तर बाई-पुरुष दोघांनाही चालतं. मात्र अनोळखी माणूस 'ते आले' ऐकून पुरुषच समजेल, हे धरून चाला. 'ते आलं' हे नपुंसकलिंगी रूप काहींना जवळचं वाटतं, काहींना अपमानाचं; तुम्हाला हवं असेल तर स्पष्ट सांगा, नाहीतर लोक बिचकतात. दोन्ही नको असतील तर नावच वापरायला सांगा : अमुकनं सांगितलं, अमुकला विचार.

आधी एकाच विश्वासाच्या माणसाबरोबर थोडे दिवस हे वापरून पाहा. रूप पटलं नाही तर बदला, कुणाला हिशेब द्यायचा नसतो. इतरांना सांगताना लेखी निरोप बरा, वाचणाऱ्याला विचार करायला उसंत मिळते. त्यात तीन गोष्टी हव्यात : तुम्ही कोण, कोणतं रूप वापरायचं, आणि कुणासमोर ते वापरायचं नाही. तिसरी हमखास राहून जाते, मग कामावरची बातमी तुमच्याआधी घरी पोचते. राहणं आणि खर्च घरच्यांवर अवलंबून असेल, मारहाणीची किंवा हाकलून देण्याची भीती असेल, तर घरी सांगणं पुढे ढकला. सांगायचंच असेल तर कागदपत्रं, थोडे पैसे आणि काही रात्री राहता येईल असं घर आधी पक्कं करा.

प्रश्न : आमच्या लेकरानं 'ते' म्हणायला सांगितलंय. इतक्या वर्षांची सवय, सारखं चुकतं. मी माफी मागत बसते आणि त्यांची चिडचिड होते.

उत्तर : चिडचिड बहुधा माफीची आहे. लांबलचक माफी मागितली की समजूत त्यांनाच काढावी लागते. 'ती गेली... ते गेले' एवढं म्हणून वाक्य पुढे न्या. सराव त्यांच्या पाठीमागे करा. नातेवाइकांशी फोनवर बोलतानाही 'ते'च म्हणा, अर्थात त्या नातेवाइकांना सांगायला त्यांची हरकत नसेल तर. समोरासमोर तर सोपं आहे : 'जेवलीस का?'ऐवजी 'जेवण झालं का?'. 'लेकरू' चालतं का, तेही एकदा विचारून घ्या.