बोट त्यांना लागली, दोष तुमच्या माथी

विजापूर रोडच्या ताईंना,

तुमचं पत्र चार पानी आहे. बाकीच्या वाचकांसाठी त्यातलं एवढंच सांगते. लग्नाला ३३ वर्षं झाली. चादरी-टॉवेलचं दुकान, त्यामुळे दोघांनी मिळून सलग चार दिवस कधी सोलापूर सोडलं नव्हतं. यंदा लग्नसराई आटोपल्यावर, जूनच्या शेवटी, मुलाने हट्टाने क्रूझवर पाठवलं: सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. पेनांग सोडलं त्या रात्री जहाज हलायला लागलं आणि तुमच्या मालकांना बोट लागली. सकाळी फुकेत आलं. तुम्ही त्यांच्या उशाशी पाण्याची बाटली, उलटीच्या पिशव्या आणि नव्या पेठेतून नेलेलं कडक भाकरीचं पाकीट ठेवलंत आणि जहाजावर ओळख झालेल्या दोघीजणींबरोबर छोट्या होडीतून किनाऱ्यावर गेलात. चार तासांनी परतलात. घरी आल्यापासून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "मला भर समुद्रात आजारी टाकून ही फिरायला गेली." तुम्ही विचारता, माझं चुकलं का?

किनाऱ्यावर गेलात यात काही चुकलं नाही. त्यांनीच "जा" म्हटलं होतं, भिंतीकडे तोंड करून. अशा "जा"चा खरा अर्थ कुठल्याही बायकोला कळतो. तो कळूनही न कळल्यासारखं करायला ३३ वर्षांत एकदा मुभा असावी, असं मला वाटतं. चपला हातात घेऊन ओल्या वाळूतून चालल्याचं तुम्ही जे दीड पान लिहिलंय, ते वाचताना मला तुमचा हेवा वाटला.

पण तिसऱ्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात एक ओळ आहे. होडीतला फोटो तुम्ही घरच्या ग्रुपवर टाकलात आणि खाली लिहिलंत, "मालक बोट लागून आडवे, मी चालले!" ग्रुपवर माहेर-सासरची मिळून चाळीसेक माणसं. नणंदेने विचारलं, "दादाला काय झालं?" कुणीतरी हसण्याची चित्रं पाठवली. ताई, भांडण इथलं आहे. फिरायला जाणं हे फक्त त्याचं निमित्त.

हा माणूस रोज सकाळी शटर उघडतो तेव्हा नोकर, गिऱ्हाईक, शेजारचा चहावाला, सगळे त्याला मालक म्हणतात. तुम्हीसुद्धा पत्रभर तेच म्हणता. त्या जहाजावर मात्र ते नुसता एक खोली नंबर होते. जेवणाची वेळ दुसऱ्याने ठरवलेली, खर्च कार्डावर, दिवसाची बक्षिसी आपोआप बिलात. (त्या बिलावरून त्यांनी घातलेला वाद तुम्ही रंगवून लिहिलाय. माणसाला हातात धरायला काहीतरी लागतं हो.) त्यात पोटही ऐकेना. तुम्ही मात्र दुसऱ्याच दिवशी कुठल्या मजल्यावर चहा मिळतो ते त्यांना सांगत होतात.

शिवाय आजार खोटा नव्हता. सिंगापूर ते पेनांग जहाज मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातं. पश्चिमेला सुमात्रा बेट आडवं असल्यामुळे तिथे लाटा कमी. पुढे अंदमान समुद्र उघडा, आणि जूनमध्ये आपल्याकडे पाऊस आणणारे नैऋत्य मोसमी वारे तिथेही जोरात असतात. "चार रात्री झोपायचं, खिडकीचे पैसे कशाला?" म्हणून त्यांनी बिनखिडकीची खोली घेतली. मीही तीच घेतली असती. पण बंद खोलीत डोळ्यांना भिंत स्थिर दिसते, आणि कानाच्या आतल्या नळ्यांमधलं पाणी सांगतं की सगळं हलतंय. मेंदूला मेळ लागत नाही, मग मळमळतं. यात कच्चेपणा कसला? १८०५ साली ट्रॅफल्गारची लढाई जिंकून देणारा इंग्रजांचा नौसेनापती नेल्सन, आयुष्यभर समुद्रावर राहून त्यालाही बोट लागायची. हे त्यांना जरूर सांगा, पण जाता जाता. समजूत घालतेय असं वाटलं तर उलटंच होईल.

माफी फिरल्याबद्दल मागू नका, खोटी होईल. फोटोबद्दल मागा. सकाळी दुकानाला निघायच्या आधी, सूनबाई आसपास नसताना. "ते लिहायला नको होतं मी," एवढं पुरे. पुढे "पण तुम्ही तरी" आलं की सगळं पाण्यात. मग त्यांना विचारा, त्या चार तासांत खोलीत काय काय झालं. पत्रात तुमचे चार तास सविस्तर आहेत, त्यांच्या चार तासांवर एक ओळही नाही. तुम्ही विचारलंच नसावं. ते सांगतील ते वाढवून सांगतील, सांगू द्या. आणि पाहुण्यांसमोर पुन्हा "हिने टाकलं" निघालं, तर मात्र गप्प बसायचं नाही. "तुम्ही जा म्हणालात म्हणून गेले, आणि मला आवडलं," असं हसून म्हणा आणि चहा पुढे करा.

ताजा कलमात विचारलंय, मुलगा डिसेंबरला पुन्हा पाठवतो म्हणतोय, जावं का? जा. तेव्हा फुकेतकडचा समुद्र बराच शांत असतो, सिंगापुरात मात्र पाऊस भेटेल. जानेवारीतल्या गड्डा यात्रेची गर्दी सुरू व्हायच्या आत दुकानात हजर व्हाल. खोली खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध आणि खिडकीची घ्या. तिथे हेलकावे कमी, आणि क्षितिजाकडे बघता येतं. नकाशा त्यांच्यापुढे ठेवा, खोली त्यांनाच निवडू द्या. गोळीचं डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. ती जहाज हलायच्या आधी घ्यायची असते, उलट्या सुरू झाल्यावर फारसा उपयोग होत नाही.

आणि कडक भाकरीची दोन पाकिटं न्या.