पहिल्यांदाच जुन्या वस्तूंच्या लिलावात उतरताय? एवढं सांभाळा

पहिला आठवडा बोली लावूच नका, नुसतं पाहा. विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती बाजूला ठेवून लिलावाच्या संकेतस्थळावर ‘विकले गेले’ हा फिल्टर लावा आणि प्रत्यक्ष मिळालेले भाव बघा. दोन्हींत बरेचदा जमीन-अस्मानाचा फरक असतो.

नवखे हमखास फसतात ते खरेदीदाराच्या कमिशनात, म्हणजे जिंकलेल्या बोलीवर खरेदीदाराकडून वर घेतल्या जाणाऱ्या टक्क्यांत. हातोडा पडला म्हणजे हिशेब संपला असं नाही. कमिशन 20 टक्के असेल आणि खिशातून 100 च जायला हवे असतील, तर बोली 83 वर थांबवा; कर, वाहतूक असेल तर आणखी खाली. हा आकडा आधी कागदावर लिहा आणि कमाल बोली म्हणून एकदाच भरा. शेवटच्या मिनिटाला झुंजू नका. बऱ्याच ठिकाणी उशिरा बोली आली की वेळ आपोआप वाढते आणि ईर्ष्या महागात पडते.

घरसामानाच्या विक्रीला जाताना टॉर्च आणि मोजपट्टी न्या:

- चिनी मातीच्या भांड्याच्या कडेवरून नख फिरवा, हलकी टिचकी मारा. आवाज बद्द आला तर तड्याची शंका घ्या.
- लाकडाच्या बारीक भोकांतून ताजा भुसा गळतोय? कीड अजून जिवंत असणार.
- कपाट घेण्याआधी घरचं दार मोजा. (हसू नका!)

विकताना जुनं पितळ घासून चकचकीत करू नका. संग्राहकांना तो मुरलेला रंगच हवा असतो. टवका उडालेली बाजू मात्र जवळून, दिवसाच्या उजेडात टिपा. काचसामान दुहेरी खोक्यात, मध्ये सगळीकडून 5 सेंमी भरण घालून पाठवा.