काचबिंदूवर लस येईपर्यंत थांबावे का?

प्रश्न : माझे वय ६१ आहे. काचबिंदूसाठी तीन वर्षे रोज रात्री थेंब घालतो. डोळ्याचा दाब २६ वरून १५ वर आला, तरी परवाच्या फील्ड टेस्टमध्ये (नजरेचा आवाका मोजणाऱ्या चाचणीत) उजव्या डोळ्याच्या नकाशावर खालचा भाग आणखी काळा दिसला. स्टेशनच्या पुलावरून उतरताना शेवटची पायरी चुकते. शरीराची प्रतिकारशक्तीच डोळ्यातील चेतापेशी वाचवू शकते आणि तशी लस तयार होत आहे, असे मुलाने वाचले आहे. तोवर थेंब बंद ठेवले तर चालेल का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : थेंब एक रात्रही चुकवू नका. मुलाने वाचलेले मात्र निराधार नाही.

दृष्टिपटलातील सुमारे दहा लाख चेतापेशींचे तंतू एकत्र येऊन मेंदूकडे जाणारी दृष्टिचेता बनते. काचबिंदूत या पेशी मरतात, आणि मरणाऱ्या पेशीतून सांडलेले ग्लुटामेटसारखे द्रव्य शेजारच्या धडधाकट पेशीलाही जाचते, असे मानले जाते; दाब उतरल्यावरही काहींची हानी का चालू राहते, याचे हे एक संभाव्य कारण आहे. इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या मिखाल श्वार्ट्झ यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवले की, उंदरांची दृष्टिचेता चिमटल्यावर त्यांना स्वतःच्याच चेतावरणातील (चेतातंतूंभोवतीच्या वेष्टणातील) प्रथिन ओळखणाऱ्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, दिल्या, तर अधिक चेतापेशी वाचतात. ज्या पेशींना आपण आजवर स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या घरभेदी समजत आलो, त्याच इथे डागडुजीला धावल्या. पुढे मल्टिपल स्क्लेरोसिस या चेतावरण झिजवणाऱ्या आजारावरील ग्लाटिरामर हे औषध लसीसारखे टोचून, डोळ्याचा दाब वाढवलेल्या उंदरांतही असाच फायदा दिसला.

तरीही माझा उत्साह बेताचाच आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी उंदरांतच उलट बाजू दाखवली : दाब वाढल्यावर दृष्टिपटलात शिरलेल्या टी-पेशींनी चेतापेशींचाच नाश केला, आणि पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांत ही हानी झाली नाही. याचा अर्थ, कोणत्या टी-पेशी, किती आणि केव्हा, हे नेमके साधल्याशिवाय प्रतिकारशक्तीला डिवचणे धोक्याचे आहे. काचबिंदूसाठी मान्यता मिळालेली अशी लस आज नाही, आणि मेलेली चेतापेशी परत येत नाही.

आपल्याला १५ हा दाबही जास्त असू शकतो. काहींना तो आणखी खाली आणावा लागतो, त्यासाठी दुसरा थेंब, लेसर किंवा शस्त्रक्रिया असते. म्हणून जुने-नवे सर्व फील्ड टेस्टचे कागद घेऊन आपल्या डॉक्टरांकडे लवकर जा. पहिल्या चाचणीत प्रकाश दिसताच बटण दाबण्याची सवय नसल्याने नकाशा फसवा येतो, तेव्हा तुलना करणे त्यांच्यावर सोडा. पायरी चुकण्यात बायफोकल चष्म्याचाही हात असू शकतो, तेही सांगा. थेंब घालताना खालची पापणी ओढून एकच थेंब टाका, डोळा मिटा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरा. नाहीतर बरेचसे औषध घशात उतरते. सख्ख्या भावंडांनाही तपासणीला पाठवा, त्यांना हा आजार होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो.